मनोरंजन उद्यानांतील राइड : लांबी व ताशी क्षमता

मनोरंजन उद्यानांतील राइड : जत्रा, प्रदर्शने व मनोरंजन उद्याने यांमध्ये माणसांना बसवून गोल फिरविणाऱ्या, उंचावर नेणाऱ्या किंवा एखाद्या देखाव्यातून फिरवून आणणाऱ्या यांत्रिक साधनास ‘राइड’ असे म्हणतात. मराठीत यांपैकी पुष्कळ साधनांना ‘पाळणा’ हे जुने नाव सरसकट दिले जाते. राइडची रचना करताना दोन गोष्टींचा विचार प्रथम करावा लागतो. प्रत्येक व्यक्तीला राइडमध्ये किती काळ मिळतो, ही पहिली. तिला राइडची लांबी म्हणतात. एका तासात किती व्यक्ती राइडमधून जाऊन येतात, ही दुसरी. ती ताशी क्षमता होय. लांबी वाढविली, की क्षमता घटते असा सर्वसाधारण समज आहे. तो एका प्रकारच्या राइडपुरता खरा असून दुसऱ्या प्रकारास लागू पडत नाही. राइडच्या रचनेचा १८८४ पासूनचा इतिहास हा बऱ्याच अंशी पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे झालेल्या वाटचालीचा आणि पुढे काही प्रमाणात मागे वळण्याचा इतिहास आहे.

तत्त्व : पहिल्या प्रकारास फेरीची राइड म्हणता येईल. मेरी-गो-राउंड, जत्रेतील आकाशपाळणा ही तिची परिचित उदाहरणे. तीत माणसे चढेपर्यंत व उतरेपर्यंत यंत्र थांबून राहते. अशा राइडमध्ये ४० आसने असून फेरी ३ मिनिटांची व चढ-उतार २ मिनिटांची असेल, तर तासाला १२ फेऱ्या होऊन ४८० व्यक्तींना लाभ मिळतो. फेरी ८ मिनिटांची केल्यास तासाला ६ फेऱ्या होतात व हीच संख्या २४० वर येते. गर्दीच्या दिवशी जत्रेतील पाळणा लवकर थांबतो, याचे कारण या गणितात आहे.

दुसरा प्रकार प्रवाहाच्या राइडचा. तीत लहान नौका, डबे किंवा खुर्च्या ठराविक अंतराने एकामागून एक सुटत राहतात. चार आसनांचा एक डबा दर ६ सेकंदांनी सुटत असेल, तर तासाला २,४०० व्यक्ती आत जातात. डबा ५ मिनिटांनी परत येवो की १५ मिनिटांनी, या संख्येत फरक पडत नाही. फरक पडतो तो डब्यांच्या संख्येत : पहिल्या स्थितीत ५० डबे पुरतात, दुसरीत १५० लागतात, मार्ग व इमारतही त्या मानाने मोठी करावी लागते. म्हणजे येथे लांबीची किंमत प्रेक्षक आपल्या वेळाने देत नाही. ती बांधणाऱ्याला भांडवलाच्या रूपाने मोजावी लागते.

अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार एखाद्या व्यवस्थेतील व्यक्तींची सरासरी संख्या ही येण्याचा दर व आत राहण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. राइडप्रमाणेच तिच्याबाहेरील रांगेसही हा नियम लागू पडतो. रांगेत १,८०० व्यक्ती असून राइडची क्षमता ताशी २,४०० असेल, तर शेवटच्या व्यक्तीस पाऊण तास थांबावे लागते. क्षमता १,२०० असेल, तर दीड तास.

प्रारंभ : आधुनिक राइडचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लमार्कस थॉम्पसन याने १८८४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्विचबॅक रेल्वे’पासून मानला जातो. तिचा मार्ग सु. १८३ मी. लांब व वेग ताशी सु. १० किमी. होता, भाडे ५ सेंट असे. मनोऱ्यावरून सुटलेली गाडी दुसऱ्या टोकाशी पोहोचली, की ती तेथे वर चढवून परतीच्या मार्गावर आणावी लागे. प्रवासापेक्षा या खटाटोपातच अधिक वेळ जाई. त्याच वर्षी चार्ल्स अल्कोक याने मार्गाची दोन्ही टोके जोडून तो सलग केला. १८८५ मध्ये फिलिप हिंकल याने गाडी साखळीने वर ओढण्याची योजना केली. या दोन्ही सुधारणांमुळे प्रवास अधिक रंजक झाला, त्याबरोबरच दोन प्रवासांमधील रिकामा वेळही कमी झाला.

शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस याने उभारलेले चक्र सु. ८० मी. उंच होते. त्याला ३६ डबे असून प्रत्येकात ६० व्यक्ती मावत. म्हणजे एका वेळी २,१६० व्यक्ती चक्रावर असू शकत. ५० सेंटच्या तिकिटात दोन आवर्तने मिळत. पहिल्या आवर्तनात चढ-उतारासाठी सहा थांबे घेतले जात, दुसरे न थांबता होई. सर्व मिळून सु. २० मिनिटे लागत. फेरीची राइड लांब ठेवूनही तिची क्षमता मोठी करायची, तर यंत्र किती अवाढव्य करावे लागते, हे या चक्राने दाखवून दिले.

प्रवाहाकडे वाटचाल : हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील ‘फ्यूचरामा’ या राइडकडे जाते. जनरल मोटर्स कंपनीसाठी नॉर्मन बेल गेडीस या नेपथ्यकाराने तिची रचना केली. भविष्यकालीन अमेरिकेच्या विस्तीर्ण प्रतिकृतीवरून ५५२ खुर्च्यांची अखंड साखळी सरकत असे व प्रत्येक प्रेक्षकास निवेदन ऐकू येई. प्रवास सु. १६ मिनिटांचा होता. या आकड्यांवरून ताशी क्षमता २,००० हून अधिक भरते. एक दीर्घ व कथनपूर्ण राइड मोठ्या जनसमुदायास दाखविता येते, हे तिने सिद्ध केले.

वॉल्ट डिझ्नी यांनी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी ‘डिझ्नीलँड’ सुरू केले. तेथील १९५९ च्या ‘मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स’ या राइडमध्ये नळीच्या आकाराचे पोलादी रूळ वापरले गेले, तसेच एकाच मार्गावर एकाहून अधिक गाड्या सुरक्षितपणे सोडण्याची विद्युत् नियंत्रण व्यवस्थाही करण्यात आली. मार्गाचे विभाग पाडून एका विभागात एका वेळी एकच गाडी जाऊ द्यायची, हे लोहमार्गावरील तत्त्व तिच्या मुळाशी होते. त्यामुळे एक गाडी परतण्याची वाट न पाहता दुसरी सोडता येऊ लागली.

न्यूयॉर्क येथील १९६४–६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी डिझ्नी संस्थेने चार आकर्षणे तयार केली. त्यांपैकी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या राइडमध्ये उथळ कालव्यातील नौका पाण्याच्या झोतांनी पुढे ढकलल्या जात. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ मध्ये स्थिर रंगमंचांभोवती प्रेक्षागृहाचे सहा विभाग फिरत. त्यामुळे एक विभाग भरत असता इतर विभागांत प्रयोग चालू राही. या अनुभवाचा परिणाम लगेच दिसून आला. समुद्री चाच्यांविषयीचे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ हे आकर्षण मुळात पायी फिरत पाहावयाचे मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन म्हणून योजिले होते. पायी चालणारा समुदाय रमतगमत जातो व आवडत्या देखाव्यापाशी थबकतो. त्याची गती रचनाकाराच्या हाती राहत नाही. म्हणून ते नौकाप्रवासात रूपांतरित करण्यात आले व मार्च १९६७ मध्ये खुले झाले. प्रवास सु. १५ मिनिटांचा झाला. याच राइडची फ्लोरिडातील १९७३ ची आवृत्ती सु. ८ मिनिटांची आहे. दोन्ही प्रवाहाच्या राइड असल्याने लांबीतील हा फरक ताशी क्षमतेमुळे पडलेला नाही. तो बांधकामाच्या आवाक्याचा आहे.

याच वर्षी डिझ्नीलँडमध्ये ‘ओम्नीमूव्हर’ ही पद्धत वापरात आली. तीत न थांबणाऱ्या साखळीवरील आसने ठराविक ठिकाणी वळवून प्रेक्षकाची नजर हव्या त्या देखाव्याकडे नेता येते. चढ-उतार त्याच गतीने सरकणाऱ्या पट्ट्यावरून होतो. ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्याची बाहेरील वास्तू १९६३ मध्येच तयार होती, पण आतील आकर्षण पायी पाहण्याचे असावे की राइडचे, याविषयी मतभेद होते. अखेर ओम्नीमूव्हर योजून ते ऑगस्ट १९६९ मध्ये खुले करण्यात आले.

लांबीचा संकोच : फ्लोरिडात १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘एप्कॉट’ या उद्यानात प्रवाहाच्या दीर्घ राइडचा कळस झाला. तेथील ‘होरायझन्स’ (१९८३–९९) ही सु. १५ मिनिटांची राइड होती. ती पाडून त्या जागी २००३ मध्ये ‘मिशन : स्पेस’ सुरू झाली. अंतराळ उड्डाणाचा भास करून देणाऱ्या या राइडमध्ये चार अपकेंद्री यंत्रे असून प्रत्येकात चार आसनांच्या दहा कुप्या आहेत. प्रत्यक्ष राइड ४ ते ५ मिनिटांची आहे. म्हणजे प्रवाहाची जागा येथे पुन्हा फेरीने घेतली. शरीरावर तीव्र प्रेरणा घडविणारी राइड दीर्घकाळ चालविता येत नाही, हे याचे एक कारण होय. उतारावरून धावणाऱ्या रोलर कोस्टरवरही अशीच मर्यादा पडते. गाडीला चढावर मिळालेली ऊर्जा घर्षण व हवेचा रोध यांत खर्च होते. त्यामुळे जपानमधील ‘स्टील ड्रॅगन २०००’ या २,४७९ मी. लांबीच्या मार्गावरील प्रवासही सु. ४ मिनिटांत संपतो.

रांग व समन्याय : डिझ्नीलँडमध्ये पूर्वी राइडच्या प्रतवारीनुसार निरनिराळी तिकिटे असत, सर्वांत आकर्षक राइडसाठी १९५९ पासून ‘ई’ तिकीट लागे. या पद्धतीने गर्दी आपोआप विभागली जाई. १९८२ मध्ये ही तिकिटे बंद होऊन एकच प्रवेशमूल्य ठेवण्यात आले व प्रतीक्षेचा वेळ हेच राइडचे मूल्य बनले. १९९९ मध्ये डिझ्नी उद्यानांत ठराविक वेळी परत येण्याची चिठ्ठी देणारी ‘फास्टपास’ योजना विनामूल्य सुरू झाली; २०२१ मध्ये तिच्याऐवजी आगाऊ प्रवेशासाठी जादा शुल्क घेण्याची पद्धत आली. अशा योजनांनी राइडमध्ये एकही आसन वाढत नाही. क्षमता तीच राहिल्याने एकाची वाचलेली प्रतीक्षा सामान्य रांगेतील दुसऱ्याच्या वाट्याला जाते. लांबी व क्षमता यांचा तांत्रिक प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो. कारण दिवसभराचे तिकीट काढून आलेल्या कुटुंबाचा दिवस रांगेत जातो की राइडमध्ये, हे त्यावर ठरते.

भारत : दिल्ली येथे १९८४ मध्ये ‘अप्पू घर’ (२००८ मध्ये बंद) व मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले. त्यांतील पाळणे व चक्रे मुख्यतः फेरीच्या प्रकारची होती. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ या उद्यानात रोलर कोस्टरबरोबरच मिस्टर इंडिया या हिंदी चित्रपटावर आधारित कथनपर राइडही उभारण्यात आली. भारतीय उद्यानांत सुट्ट्या व सण यांच्या दिवशी गर्दी एकवटते. म्हणून राइडची क्षमता वार्षिक सरासरीवरून न ठरविता गर्दीच्या दिवसावरून ठरविणे इष्ट असते. राइडची गुणवत्ता तिच्या उंचीवरून वा वेगावरून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु एका दिवसात किती व्यक्तींना ती किती काळ लाभते, हाही तिचा तितकाच महत्त्वाचा निकष होय. [→ जत्रा].