चुनखडीच्या फरशीवरचे कुरण : न्यू मेक्सिकोतील होर्नाडा खोऱ्याचा मृदा-इतिहास

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण भागात, रिओ ग्रान्दे नदीच्या पूर्वेला, 'होर्नाडा देल मुएर्तो' या नावाने ओळखले जाणारे सुमारे ९० मैल लांबीचे निर्जल खोरे आहे. मेक्सिको शहराहून सांता फेकडे जाणारा स्पॅनिश राजमार्ग नदीचा घळींनी फाटलेला काठ सोडून या सपाट खोऱ्यातून जात असे, आणि १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते याचा वसाहतकऱ्यांचा तांडा याच वाटेने उत्तरेला गेला. पुढे १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुस्फोट याच खोऱ्याच्या उत्तर टोकाला झाला. या दोन घटनांमुळे खोऱ्याचे नाव इतिहासात राहिले. परंतु दोहोंच्या मधल्या काळात येथील कुरणे ज्या रीतीने उभी राहिली आणि उद्ध्वस्त झाली, तिचा उलगडा वाटेवरून किंवा स्फोटावरून होत नाही, तर जमिनीखाली हातभर खोलीवर पसरलेल्या एका टणक पांढऱ्या थरावरून होतो.

या थराला स्थानिक भाषेत 'कॅलिचे' म्हणतात आणि मृदाशास्त्रात 'पेट्रोकॅल्सिक थर', म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटने सांधला जाऊन दगडासारखा घट्ट झालेला मातीचा थर, अशी त्याची संज्ञा आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे खडे याच द्रव्याचे असतात. फरक इतकाच की तेथे ते मातीत विखुरलेले असतात, तर होर्नाडात ते एकमेकांना जुळून सलग फरशी झाली आहे. सिमोना या नावाने नोंदलेल्या येथील मृदाप्रकाराचा खड्डा खणला, तर वर तांबूस-तपकिरी, वाळूमिश्रित आणि फार तर ५० सेंटिमीटर जाडीची माती दिसते, तिच्यात फरशीपासून सुटलेले पांढरे तुकडे मिसळलेले असतात, आणि मग माती एकाएकी संपून कुदळ खणकन वाजते. फरशीचा माथा पापुद्र्यांनी बनलेला असतो आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. खाली उतरणारी गवताची मुळे या माथ्याशी येऊन आडवी वळतात व त्यावर दाट जाळे विणतात. जेथे भेग सापडते तेथेच ती आत शिरतात.

हा थर बनला कसा, याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मिळाले नव्हते. अमेरिकेच्या मृदासंधारण विभागाने १९५७ मध्ये लास क्रुसेस शहराच्या परिसरात 'डेझर्ट प्रोजेक्ट' नावाचे दीर्घ अध्ययन सुरू केले आणि लीलंड गाइल, फ्रेडरिक पीटरसन व रॉबर्ट ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये चुन्याच्या साचण्याचे चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात चुना गोट्यांच्या बुडाशी पातळ लेप म्हणून किंवा मातीत बारीक तंतू म्हणून दिसतो. दुसऱ्यात त्याच्या गाठी होतात. तिसऱ्यात मातीची सारी छिद्रे बुजतात. आणि चौथ्यात, पाणी खाली जाण्यास वावच न उरल्यामुळे, ते बुजलेल्या थराच्या माथ्यावर थबकून आपल्यातला चुना पापुद्र्यांच्या रूपाने तेथेच सोडते. या मांडणीचे खरे मोल असे की तिच्यामुळे चुन्याची अवस्था पाहून भूपृष्ठाचे सापेक्ष वय सांगता येऊ लागले. खोऱ्यालगतच्या सर्वांत जुन्या पठारावर, जे काही लाख वर्षांपूर्वी रिओ ग्रान्देने वाहून आणलेल्या गाळाचे आहे, चौथा टप्पा आढळतो, तर अलीकडच्या काही हजार वर्षांच्या गाळात केवळ पहिला.

इतका चुना आला कोठून, हा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण ज्या गोट्यांमध्ये कॅल्शियम फारच थोडे असते अशा रायोलाइट खडकाच्या भरावातही तोच पांढरा थर सापडत होता. खालच्या खडकातून तो निघालेला नाही, तर वाऱ्याने आणलेल्या धुळीतून आणि पावसाच्या पाण्यातून वरून उतरला आहे, असा निष्कर्ष गाइल व सहकाऱ्यांनी काढला, धूळ पकडणारी साधने लावून वर्षानुवर्षे मोजमाप केले, आणि पुढे १९९० च्या दशकात स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. येथे वर्षाला सरासरी सुमारे २४५ मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक जुलै ते सप्टेंबरमध्ये. हे पाणी धुळीतला चुना विरघळवून थोडेसे खाली नेते आणि मुळांनी शोषले जाऊन किंवा वाळून तेथेच संपते, त्यामुळे चुनाही त्याच खोलीवर अडकतो. फरशीची खोली ही अशा रीतीने हजारो पावसाळ्यांची सरासरी पोच आहे.

या पातळ मातीवर ब्लॅक ग्रामा नावाचे बहुवर्षायू गवत दाट वाढत असे. त्याचे बीज क्वचितच रुजते. जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या खोडांनी ते पसरते, म्हणून एकदा उखडले की परत यायला फार अवधी लागतो. १८५८ च्या सुमारास शासकीय मोजणीदारांनी मैला-मैलाच्या रेषा चालत जाऊन जमीन, गवत आणि झुडपे यांच्या नोंदी केल्या. त्या काळी रुक्ष सरकारी कागद ठरलेल्या या नोंदींवरून बफिंग्टन व हर्बेल यांनी १९६५ मध्ये दाखवले की १८५८ मध्ये अभ्यासक्षेत्राच्या ९० टक्क्यांहून अधिक भागावर चांगले गवत होते, तर १९६३ मध्ये ते २५ टक्क्यांहूनही कमी भागावर उरले होते. गवताची जागा मुख्यतः मेस्किट या काटेरी झुडपाने घेतली, जे महाराष्ट्रात गावोगाव पसरलेल्या वेड्या बाभळीच्या कुळातले आहे.

हा पालट १८८० नंतर वेगाने घडला. लोहमार्ग आला, खोल विहिरी खोदून त्यांवर पवनचक्क्या बसल्या, आणि पाण्याअभावी जी कुरणे आपोआप राखली जात होती ती गुरांच्या मोठ्या कळपांना खुली झाली. पाठोपाठ १८९० च्या दशकाच्या आरंभी दुष्काळ पडला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या १९१२ च्या आदेशाने येथे चराईच्या संशोधनासाठी राखीव क्षेत्र निर्माण झाले, ज्याचे आज सुमारे ७८,००० हेक्टरांचे होर्नाडा प्रायोगिक कुरण झाले आहे. त्यामागे वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर वूटन यांचा पाठपुरावा होता आणि गुरे चार्ल्स टर्नी या पशुपालकाची. आरंभीच्या संशोधनाचा कल व्यावहारिक होता: दुष्काळात किती गुरे ठेवावीत, युक्काची झाडे तोडून, बारीक चिरून ती उपाशी जनावरांना कशी घालावीत, यांवर पुस्तिका निघाल्या. सल्ला बरा होता, पण बहुतेक तडाखा आधीच बसलेला होता.

पुढचा पडताळा १९५१ ते १९५६ च्या दुष्काळाने घेतला, आणि त्याचा निकाल अपेक्षेच्या उलट लागला. खोल माती समृद्ध आणि कठीण थरावरची उथळ माती दरिद्री, ही शेतकऱ्याची समजूत नांगरासाठी खरी असली, तरी ती गवताला जशीच्या तशी लागू पडत नाही. होर्नाडात खोल वाळूवरचे ब्लॅक ग्रामा जवळजवळ नष्ट झाले, सुटलेली वाळू वाऱ्याने उडून मेस्किटच्या बुंध्यांभोवती टेकाडे झाली, आणि त्या मानाने फरशीवरच्या उथळ मातीत गवत अधिक टिकले. उथळ मातीत पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर निसटत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण १९८३ च्या आणि नंतर २००७ च्या मोजमापांतून स्पष्ट झाले: फरशी दिसते तशी कोरडी शिळा नसून तिच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरते, भोवतालच्या वाळूमिश्रित मातीपेक्षाही अधिक काळ तेथे राहते, आणि तिच्या माथ्यावर पसरलेल्या मुळांना हळूहळू मिळत राहते. ज्या थराला अडथळा म्हणून हिणवले गेले, तो पावसानंतरच्या आठवड्यांत गवताचा साठा ठरत होता.

अर्थात हे श्रेय वरची माती शाबूत असेपर्यंतच. ती वाऱ्याने गेली की फरशी उघडी पडते, आणि ज्या थराला घडायला लाखो वर्षे लागली त्यावर नवी माती माणसाच्या काळगणनेत चढत नाही. म्हणून दक्षिण न्यू मेक्सिकोतील कुरणांचे आजचे शासकीय वर्गीकरण 'उथळ वाळूमिश्रित' आणि 'खोल वाळू' हे दोन निराळे प्रकार मानते, प्रत्येकासाठी गवताची वेगळी अपेक्षा नोंदवते, आणि दोहोंतला भेद ठरवताना फरशी किती खोलीवर लागते याला प्रमुख स्थान देते.