मराठी-उर्दू वेबसाइट : लोकांना वापरता येईल अशी कशी बनवावी?

आजकाल शाळा, मदरसा, पतसंस्था, शादीखाना, दवाखाना, कुणाचीही वेबसाइट असते. पण वेबसाइट असणं वेगळं आणि ती लोकांना वापरता येणं वेगळं. कजगाव किंवा कोळगावातली एखादी आई मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख शोधतेय. मोबाइलवर पान उघडतं, पण अक्षरं फुटलेली. तारीख कुठेतरी स्कॅन केलेल्या कागदात दडलेली. मग ती शेजारच्या मुलाला विचारते, नाहीतर सायबर कॅफेत पैसे देते, आणि तोवर तारीख निघून जाते. नुकसान मुलीचं होतं. म्हणून आम्ही हा लेख आपल्या भागातल्या संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक आणि साइट बनवणारी तरुण पोरं यांच्यासाठी लिहीत आहोत. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारा समाज डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी यादी, मग डिझाइन

साइट बनवायला बसण्याआधी कागदावर लिहा की लोक इथे कशासाठी येणार. शाळेचं म्हणाल तर साधारण पाच कामं निघतात : फोन नंबर, प्रवेशाची तारीख, लागणारी कागदपत्रं, निकाल आणि सुट्ट्या. ही पाच कामं पहिल्या पानावर, वरच्या भागात दिसली पाहिजेत. सरकतं चित्र, अध्यक्षांचा संदेश, उद्घाटनाचे फोटो हे सगळं खाली जाऊ द्या. मेनूतले शब्दही रोजचे वापरा. 'विद्यार्थी कल्याण कक्ष' असं लिहिलं तर पालकाला कळत नाही. 'शिष्यवृत्ती' म्हटलं की लगेच कळतं. उर्दू पानावर 'वजीफा' लिहा, 'दाखला' लिहा. मात्र मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र आणि उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश, हे भाषांतर करताना विसरू नका.

मोबाइल आधी

आपल्याकडे बहुतेक लोक साइट मोबाइलवरच बघतात. म्हणून डिझाइनही आधी मोबाइलचं करायचं, मग संगणकाचं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी आपोआप बदलण्याच्या तंत्राला 'रिस्पॉन्सिव्ह' डिझाइन म्हणतात. हे नाव एथन मार्कोट यांनी २०१० साली दिलं. त्यासाठी एचटीएमएलमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ टाकावी लागते, रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्यावी लागते आणि सीएसएसमधल्या मीडिया क्वेरी वापराव्या लागतात. मोबाइलवर एकच रकाना ठेवा. बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी असावीत : आंतरराष्ट्रीय नियमांत किमान २४ पिक्सेल सांगितले आहेत, आम्ही ४४ तरी ठेवा असं म्हणू. फोन नंबर नुसता लिहू नका, दाबल्यावर कॉल लागेल असा दुवा करा.

अक्षर युनिकोडचंच

पूर्वी मराठी मजकूर छापखान्याच्या फाँटमध्ये टाइप व्हायचा. त्यात संगणकाला 'क' हे 'क' म्हणून माहीतच नसायचं. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. तो फाँट नसलेल्या मशीनवर नुसता गोंधळ दिसायचा. युनिकोडने हा प्रश्न सोडवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ जाहीर करा आणि जुना मजकूर रूपांतर करूनच चढवा. उर्दूचंही तसंच. इनपेजमध्ये केलेलं काम चित्र म्हणून साइटवर टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, मोठा करून वाचला तर धूसर होतो आणि अंध वाचकाचा मोबाइल तो बोलून दाखवू शकत नाही.

मराठीच्या बारीक गोष्टीही बघा. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना! फाँटला ऱ्य नीट जमत नसेल तर अर्थच बदलतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. फार जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात दिली आहेत. काही फाँटमध्ये ही रूपं आतच असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच ती बाहेर येतात. म्हणून प्रत्येक पानाला भाषेचा संकेत द्या. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्याच संकेतावरून उच्चार निवडतं.

उर्दू पान : उजवीकडून डावीकडे

उर्दू पान म्हणजे मराठी पानात फक्त मजकूर बदलला असं होत नाही. सगळी मांडणी आरशासारखी फिरते : मेनू उजवीकडे, 'पुढे'चा बाण डावीकडे. पानाची दिशा एचटीएमएलमध्येच 'उजवीकडून डावीकडे' अशी सांगा, नुसतं उजवीकडे सरकवून भागत नाही. सीएसएसमध्ये 'डावं-उजवं' अंतर देण्याऐवजी 'सुरुवात-शेवट' असं अंतर द्या. मग एकच सीएसएस दोन्ही भाषांना चालते.

आपल्याकडचा उर्दू वाचक नस्तालीक वाचत मोठा झाला आहे. संगणकावरचं नस्तालीक मिर्झा अहमद जमील यांच्या १९८१ च्या नूरी नस्तालीकपासून रुजलं. वेबसाठी गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू मोफत मिळतो. नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरतो, त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त लागते. मराठीला अक्षराच्या दीडपट-पावणेदोनपट ओळ पुरते, नस्तालीकला दुप्पट किंवा त्याहून जास्त ठेवा, नाहीतर नुक्ते वरच्या ओळीत घुसतात. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची सोय दोन्ही लिप्यांत वापरू नये : उर्दूत जोड तुटतात, मराठीत शिरोरेषा तुटते.

आणखी दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, उर्दू वाक्यात मधे जागा सोडून लिहिलेला फोन नंबर. त्याचा मागचा भाग पुढे दिसतो आणि लोक चुकीचा नंबर लावतात. नंबर वेगळ्या घटकात ठेवून त्याची दिशा 'डावीकडून उजवीकडे' अशी द्या. दुसरं, अरबी कीबोर्डवरचे काफ आणि ये उर्दूतल्या काफ आणि ये सारखेच वाटतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे. एकाने 'किताब' अरबी काफने लिहिलं आणि दुसऱ्याने उर्दू काफने शोधलं, तर सापडत नाही. शोधण्याआधी दोन्ही अक्षरं एकसारखी करून घेणारी छोटी सोय डेव्हलपरकडून करून घ्या.

फॉर्म : नावापासून सुरुवात

फॉर्ममध्ये 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असे तीन रकाने सक्तीचे असतात. आता खानदेशात नावं 'शेख अमुक शेख तमुक' अशी लिहितात. यात आडनाव कुठलं? पालक कधी शेख पुढे लिहितात कधी मागे, आणि मग आधार कार्ड, दाखला आणि अर्ज यांत तीन तऱ्हा होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो तो इथेच. यावर उपाय साधा आहे : 'आधार कार्डावर जसं आहे तसं पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवा आणि आडनाव सक्तीचं करू नका.

बाकीचे नियम असे. रकान्याचं नाव रकान्याच्या वर कायम दिसू द्या. आत पुसट लिहिलेलं टाइप करताच गायब होतं. मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही अंक चालू द्या. चूक झाली तर 'अवैध इनपुट' असं लिहू नका. 'मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ लिहिले आहेत' असं त्याच रकान्याखाली सांगा. चूक दाखवताना आधी भरलेलं पुसू नका. अर्ज गेल्यावर नंबर आणि तारीख असलेली पोच द्या, म्हणजे माणूस निर्धास्त होतो.

वेग आणि फोटो

मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. स्नेहसंमेलनाचे २० फोटो तसेच चढवले की पान ८० एमबीचं झालं. तेच फोटो लहान करून वेबपी प्रकारात प्रत्येकी १५० केबीचे केले तर सगळे मिळून ३ एमबी होतात. गूगलच्या मापानुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. नस्तालीकचे फाँटही जड असतात. म्हणून फाँट येईपर्यंत मोबाइलमधल्या साध्या अक्षरांत मजकूर दिसेल अशी सोय सीएसएसमध्ये करा. कोरं पान बघून माणूस परत जातो.

सगळ्यांना वापरता यावी

डोळ्यांनी अधू, हात थरथरणारे, वय झालेले, सगळे आपलेच वाचक आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचे सुलभतेचे नियम डब्ल्यूसीएजी नावाने ओळखले जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यातला रोज लागणारा नियम म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं. फिक्या हिरव्यावर पांढरं अक्षर आपल्याकडे फार आवडतं, पण ते उन्हात वाचताच येत नाही. प्रत्येक चित्राला दोन शब्दांचं वर्णन जोडा. मथळे नुसते ठळक न करता मथळ्याच्या खुणेत ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही माहिती सर्वांना वापरता यावी असं सांगितलं आहे. तपासायला एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

मुलांची माहिती जपा

निकालाबरोबर मुलांचे फोटो, आधार नंबर, पत्ते आणि बँक खाती यांची यादी साइटवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. निकाल बैठक क्रमांक टाकूनच दिसावा. साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू व्हावा. त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

पाच माणसं बसवा

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली सांगितलं की पाच माणसांकडून चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात. कमिटीतले पाच नकोत; एक आई, एक आजोबा, एक शेतकरी, एक हमाल, एक दहावीची मुलगी असे घ्या. त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडून द्या आणि सांगा, 'प्रवेशाची तारीख शोधा.' मग गप्प बसा. कुठे दाबायचं हे सांगायचं नाही. जिथे बोट थांबतं तिथे दुरुस्ती करायची. दुरुस्ती झाली की वेगळी पाच माणसं बसवून पुन्हा बघायचं.

चालू ठेवणं

साइटचं नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. बनवणाऱ्या पोराच्या नावावर असेल तर तो पुण्याला नोकरीला गेला की साइट अडकते. नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही मिळतो, पण जोडीला इंग्रजी पत्ता ठेवा. प्रत्येक सूचनेवर तारीख टाका, मुदत संपलेली सूचना वेगळ्या पानावर हलवा आणि मराठी पान बदललं की त्याच दिवशी उर्दू पानही बदला. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवून द्या. आठवड्याला अर्धा तास पुरतो.