नाडी धरणारा हात

डाव्या हाताचं मनगट उताणं करा. अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं टेकवा, जरा दाबा, थांबा. लागली नाडी?

आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या असाच बसत आला, रोग्याच्या उशाशी, मनगट हातात घेऊन. पण वैद्य दहा कोसांवर असला आणि मधल्या नदीला पूर आला, तर ती दहा कोसांची वाट रोग्याच्याच वाट्याला यायची. झोळी उचलायला चार माणसं मिळाली तर नशीब. ही वाट माणसाने कशी कशी कापत आणली, ते पाहायला आज तुम्हाला निघायचं आहे. बोटांखालचा ठोका हेच वाहन. चला.

१८१६, पॅरिस

नेकेर रुग्णालय. तुम्ही एका खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. खाटेवर हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आहे आणि तिच्याशेजारी बारीक चणीचा पस्तिशीतला डॉक्टर, रेने लाएनेक. या काळातली रीत म्हणजे छातीला थेट कान लावायचा. पण रुग्ण तरुण बाई, डॉक्टर संकोचलेला. ती अंगाने भरलेली, त्यामुळे बोटांनी छाती ठोकूनही काही उमगत नाही. मग त्याला एक साधी गोष्ट आठवते. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्वच्छ ऐकू येतं. तो कागदांची घट्ट सुरळी करतो, एक टोक तिच्या छातीवर ठेवतो आणि दुसऱ्याला कान लावतो.

त्याचा चेहरा बघा. नुसत्या कानाला जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते त्याला ऐकू येतंय.

लाएनेक पुढे स्वतः लाकडाच्या नळ्या कातून घेईल, तीन वर्षं रुग्णांच्या छात्या ऐकेल आणि १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहील. फुप्फुसात क्षय कसा वाजतो, हे तो जगाला शिकवेल. आणि १८२६ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयानेच जाईल. क्षयाचं हे नाव लक्षात ठेवा, प्रवासाच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे.

आणखी एक गोष्ट गाठीशी बांधा. रोग्याची छाती आणि डॉक्टरचा कान यांच्यामध्ये एक वस्तू आली, तरी डॉक्टर लांब गेला नाही. उलट तो आत पोचला.

१९०५, लायडन

नेदरलँड्समधलं विद्यापीठाचं गाव, २२ मार्च. इथे तुम्हाला एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहायचं आहे.

पहिलं ठिकाण प्राध्यापक विलेम आइनथोवेन यांची प्रयोगशाळा. खोलीभर पसरलेलं यंत्र पाहून बिचकू नका. वजन पावणेतीन क्विंटलच्या आसपास, चालवायला पाच माणसं. विद्युतचुंबक इतका तापतो की त्याला पाण्याने थंड ठेवावं लागतं. आणि एवढ्या अवाढव्य यंत्राचा जीव आहे केसाहून कितीतरी बारीक अशा एका तंतूत. वितळलेल्या क्वार्ट्झला बाण जोडायचा, धनुष्यातून सोडायचा, बाणामागे जो अतिसूक्ष्म धागा ताणला जातो तो वेचायचा आणि त्याला चांदीचा मुलामा द्यायचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला शरीरात जी वीज उमटते ती व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. तेवढ्याने हा तंतू चुंबकाच्या क्षेत्रात थरथरतो. मागून प्रखर दिवा, पुढे सूक्ष्मदर्शक. तंतूची सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर पडते आणि ठोक्याचं चित्र उमटतं.

दुसरं ठिकाण दीड किलोमीटरवरचं रुग्णालय. यंत्र इकडे हलवता येत नाही आणि आजारी माणसाला तिकडे नेणं धोक्याचं. म्हणून आइनथोवेन यांनी मध्ये दूरध्वनीची तार टाकली आहे. समोर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत आहेत. तो आजारी नाही, चांगला धडधाकट आहे. चाचणीसाठी प्रयोगशाळेतून सायकल दामटत आत्ताच आलाय. त्याच्या हृदयातली वीज पाण्यात उतरते, पाण्यातून तारेत शिरते, गावातून धावते. तिकडे प्रयोगशाळेत तंतू थरथरतो. आलेखातला एक सुळका जरा जास्तच उंच उमटतो आणि तो सायकलीमुळे, असा निष्कर्ष निघतो.

माणूस एका जागी, त्याचं हृदय वाचलं गेलं दुसऱ्या जागी. फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेताना आज आपल्याला जे अगदी सहज वाटतं, त्याची ही पहिली पायवाट. ईसीजीच्या कागदावरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आइनथोवेन यांनीच दिली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यंत्र घडवायला हातभार लावणारा त्यांचा सहायक तोवर वारला होता, म्हणून त्यांनी त्याच्या बहिणींना शोधून बक्षिसातला अर्धा वाटा दिला, असं सांगितलं जातं. यंत्राच्या मागे राबणाऱ्या हाताची अशी आठवण फार थोड्यांनी ठेवली.

१९६९, ह्यूस्टन, मग अ‍ॅरिझोनाचं वाळवंट

ठोका आता लांब झेप घेतो. २० जुलै. तुम्ही ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात आहात. नील आर्मस्ट्राँग चांद्रयान खाली उतरवतो आहे आणि त्याच्या छातीला चिकटवलेल्या संवेदकांमुळे त्याचा ठोका पृथ्वीवर मोजला जातोय. मिनिटाला दीडशे. पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरवरून आलेली ही नाडी. शांत दिसणाऱ्या माणसाच्या छातीत काय चाललंय, ते इथल्या डॉक्टरला ठाऊक आहे.

चंद्रावरच्या माणसाची नाडी जमिनीवर कळते, तर शंभर किलोमीटरवरच्या म्हाताऱ्या आजीची का कळू नये? हा प्रश्न तुम्हाला सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दक्षिण अ‍ॅरिझोनात आणून सोडतो. निवडुंगांचं उंच रान, धुळीचे रस्ते आणि टोहोनो ओओडम या मूळनिवासी समाजाच्या विखुरलेल्या वस्त्या. धूळ उडवत एक मोठी गाडी येते. आत क्ष-किरण यंत्र, ईसीजी, छोटी प्रयोगशाळा आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा. गाडीत डॉक्टर नाही, प्रशिक्षित आरोग्य सहायक आहे. डॉक्टर आहे सेल्स गावच्या रुग्णालयात. सूक्ष्मलहरींवरून त्याला रुग्ण दिसतो, ऐकू येतो.

नासाने अंतराळवीरांसाठी विकसित केलेलं तंत्र इथे, देशातल्या दुर्लक्षित माणसांच्या दारात, उतरवून पाहिलं. आखणी करताना त्या समाजातल्या माणसांना सोबत घेतलं होतं, हे त्यातलं मोठं शहाणपण. पण काही वर्षांत प्रकल्प थांबला. तंत्र चाललं, तरी ते टिकवायला कुणी तरी कायम पैसा आणि माणसं लावावी लागतात. ही दुसरी गाठ.

२०१६, मुहांगा

हिरव्या टेकड्यांमागे हिरव्या टेकड्या. हा रवांडा. वर्षाचा शेवट जवळ आलाय. तुम्ही एका छोट्या रुग्णालयाच्या आवारात आहात. बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव थांबत नाहीये. तिच्या गटाचं रक्त इथे नाही. गाडी पाठवली, तर वळणावळणाच्या रस्त्यावर जायला-यायला किती तास लागतील, याचा नेम नाही.

आतून निरोप जातो. मुहांगाच्या तळावर एक जण रक्ताच्या पिशव्या खोक्यात भरतो, ते छोट्या विमानाच्या पोटात ठेवतो आणि गलोलीतून खडा सुटावा तसं ते विमान आकाशात सुटतं. त्यात वैमानिक नाही. तुम्ही वर बघत राहता. आधी गुणगुण ऐकू येते, मग पांढरा ठिपका दिसतो. तो घिरट्या घालत खाली येतो, उतरत मात्र नाही. कागदी छत्रीला बांधलेलं खोकं अलगद सोडतो आणि परत फिरतो. परिचारिका धावत जाऊन खोकं उचलते.

झिपलाइन या कंपनीची ही सेवा त्या वर्षी रवांडाच्या सरकारने सुरू केली. पुढे तिचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त सरासरी ५० मिनिटांच्या आत पोचत होतं, रस्त्यापेक्षा सव्वा तास तरी आधी. मुदत उलटून वाया जाणाऱ्या पिशव्याही दोन-तृतीयांशांनी घटल्या. ड्रोन लांबून पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. खोकं उचलून धावणारी परिचारिका मात्र बातमीच्या फोटोत फारशी येत नाही.

२०२०, महाराष्ट्र

आता घरी या. तारीख १५ सप्टेंबर. रस्ता ओळखीचा, दारं बंद, माणसं तोंडाला फडकं बांधून. राज्यात कोरोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आहे. तुमच्या दारात आशा स्वयंसेविका, म्हणजे आपली आशाताई, उभी आहे. तिच्या हातात ताप मोजायची बंदूक आणि चिमट्यासारखं एक इवलं यंत्र आहे.

“बोट द्या, काका. नेलपॉलिश नाही ना कुणाच्या बोटाला?”

तुमच्या बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार जातो. तुमची नाडी उसळते तेव्हा प्रकाश कमी-जास्त शोषला जातो, त्यावरून रक्तातला प्राणवायू कळतो. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो दुसरंच काही मोजत होता आणि नाडीची लहर त्याच्या मोजणीत सारखी लुडबुड करत होती. त्या लुडबुडीतच उत्तर आहे, हे त्याने ओळखलं. सारं जग हे यंत्र बोटाला लावून बसलं होतं, त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये तो गेला.

आकडा ९७ येतो. तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. पण अजून तीन महिने पुढे सरका. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असूनही यंत्र ‘ठीक’ म्हणतं, ही चूक गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा होते. हे सावळ्या कातडीच्या देशात राहणाऱ्या आपण कधीच विसरू नये. यंत्र कुणाच्या अंगावर पारखलं गेलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि तुमच्या दारातली ती बाई? आकडा ठीक आला तरी तिने तुमच्या आईला दोन पावलं चालायला लावलं, दम लागतो का ते पाहिलं, “रात्री झोप लागते का?” विचारलं. यंत्राने जे पाहिलं नसतं, ते तिने पाहिलं.

आज, सातपुडा

शेवटचा ठोका. पावसाने धुतलेला डोंगर, साग आणि बांबूमधून जाणारी वाट, वर एक पाडा. अंगणात शिबिर भरलंय. एक तरुण कॅमेऱ्याएवढं क्ष-किरण यंत्र हातात धरून उभा आहे. खोकणारा एक बाबा समोर बसतो, क्षणभरात त्याच्या छातीचं चित्र लॅपटॉपवर येतं, आणि डॉक्टर जवळपास नसतानाही संगणक संशयाची जागा रंगवून दाखवतो. क्षयाच्या तपासणीसाठी संगणकाने क्ष-किरण चित्र वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२४ च्या डिसेंबरात देशात १०० दिवसांची क्षयमोहीम सुरू झाली, तेव्हा अशी हातातली यंत्रं गावोगाव फिरली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण आपल्या देशात आहेत. लाएनेकने लाकडाच्या नळीतून ऐकला, तो आजार अजून इथे, या अंगणात आहे.

बाबाला मराठी नीट येत नाही. तो पावरीत बोलतो. आशाताई त्याच्याशी पावरीत बोलते, थुंकीची तपासणी का करायची ते सांगते, डबी देते. उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर शहरातला डॉक्टर पडद्यावर येतो, तेव्हा त्याचं म्हणणं बाबाच्या भाषेत आणि बाबाचं डॉक्टरच्या भाषेत तीच आणते. क्षय पक्का झाला, तर साधारण सहा महिने गोळ्या. पंधरा दिवसांत बरं वाटायला लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. तेव्हा हा डोंगर चढून कोण येणार? संगणक येणार नाही.

दोनशे वर्षांच्या प्रवासात तुम्ही यंत्रं बदलताना पाहिली. लायडनमध्ये पाच माणसं लागायची, ते काम आता खिशात मावणाऱ्या यंत्रावर होतं. प्रत्येक ठिकाणी वाट कमी होत गेली, हे खरं आणि मोलाचं आहे. पण ज्या ज्या ठिकाणी माणूस वाचला, तिथे रोग्याच्या बाजूला कुणी तरी हात धरून उभं होतं. यंत्राने वाट कापली. शेवटचं पाऊल त्या हाताने टाकलं.

हा हात आपल्याकडे बहुतेक वेळा आशाताईचा असतो. देशभरात अशा दहा लाखांवर बायका आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा जागतिक सन्मान केला. तरी त्यांना पगार नाही, मानधन आहे, त्यातलाही काही भाग कामाच्या मोजमापावर. नवं यंत्र विकत घेताना सरकारने आणि आपण जेवढी चर्चा करतो, तेवढी या मानधनाची होत नाही.

म्हणून आता मनगटावरची बोटं काढा आणि एक काम करा. आशाताई दारात आली की तिला आत बोलवा, बसायला द्या, ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत उभं राहून विचारा, की आमच्या आशाताईचं मानधन वेळेवर मिळतंय का. नसेल, तर का नाही.