दिनविशेष : ४ सप्टेंबर
१९८२ : डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरील लेख ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध

चवदार तळ्याच्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. बावस्कर रुजू झाले ते १९७६ साली. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, लहान मुले तिथे दगावत होती. अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या : उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. ही धोक्याची पूर्वचिन्हे या लेखातून जगापुढे आली. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येऊन ते थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. त्यावर उतारा सापडला तो रक्तदाबावरच्या साध्या, स्वस्त प्राझोसिनच्या गोळीत. खेड्यातल्या दवाखान्यातही देता येईल असे हे औषध, आणि या संशोधनाचे खरे मोठेपण त्यातच आहे. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरले. पत्नी डॉ. प्रमोदिनी संशोधनातही सोबत राहिल्या. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड देण्याचा दोघांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. मूळचे जालना जिल्ह्यातले बावस्कर महाडचेच झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.