जेकबच्या झाडाचा पत्ता

नाक तेवढं दाबून धरा. तुम्ही फिलाडेल्फियात पोचलात, 1760च्या आगेमागे, सप्टेंबरातल्या एका दुपारी. डेलावेअर नदीच्या धक्क्यावरून डांबराचा उग्र वास येतोय, पायाखाली घोड्यांची लीद, वर माश्यांची घूं घूं. विटांच्या भिंती तव्यासारख्या तापल्यात. गाडीवाला ओरडला की अंग चोरा. तो लगाम ओढायचा नाही.

तेवढ्यात पोरांचा गलका होतो. डच जेकब आला! गुरांचा व्यापारी, शिकारीचा नाद भारी. खांद्याला बंदूक, कपड्यांना दारूच्या धुराचा वास, बुटांवर ओला चिखल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो पिशवीतून नाशपाती वाटतोय. लाजू नका, हात पुढे करा.

हातावर पडतं ते जेमतेम लिंबाएवढं. अंग चिकूसारखं मातकट, फक्त उन्हाकडचा गाल विटकरी लाल. दिसायला काहीच नाही म्हणाल. आता चावा. गर लोण्यासारखा विरघळतो, रस मनगटावरून कोपराकडे धावतो. आधी नुसता गोडवा, आणि मग, घास गिळल्यावर, मागून लवंग-दालचिनीसारखा दरवळ चढत येतो. मी तरी एवढ्याशा फळात एवढं भरलेलं दुसरं काही खाल्लं नाही.

बिया खिशात टाकू नका, उपयोग नाही. रायवळ आंब्याच्या कोयीसारखंच, बी लावलं तर उगवेल ते झाड निराळं. जेकबचं झाडही असंच रानात आपसूक रुजलेलं. हेच फळ हवं तर कलमच बांधायला हवं. कलमाला काडी हवी, काडीला झाडाचा पत्ता. आणि जेकबला कितीही खोदून विचारा, तो पत्ता सांगत नाही.

पुढे हे झाड असलेली शहराच्या दक्षिणेची जमीन तुकड्यांनी विकायला निघेल, तेव्हा हा पठ्ठ्या नेमका झाडाचा तुकडा घेईल. त्याच्यामागून ती जागा सेकेल नावाच्या माणसाकडे जाईल, तो हे फळ लोकांपुढे आणेल आणि फळाला त्याचं नाव चिकटेल. 1819 साली न्यूयॉर्कचे डॉ. होसॅक सेकेलची झाडं लंडनला धाडतील. या पोरांतला विल्यम व्हाइट पुढे बिशप होईल आणि जेकबची ही गोष्ट सांगेल. म्हणून तर आपण इथवर आलो.

पण आज कुणालाच काही ठाऊक नाही. विल्यमच्या शेजारी उभे राहा आणि त्याच्यासारखेच जेकबचे बूट बघा. चिखल अजून वाळलेला नाही. म्हणजे झाड लांब नाही.