द्राक्षबागेचा हिवाळा : इकडचा आणि तिकडचा



पौषाच्या थंडीत निफाड, दिंडोरीकडच्या बागेत पहाटे गेलात तर काय दिसतं? मांडवावर हिरवी पानं, खाली घड लटकलेले, आणि मालक कानाला मफलर गुंडाळून शेकोटीत पालापाचोळा सारतोय. याच दिवसांत फ्रान्समधल्या बागेत मात्र एकही पान शिल्लक नसतं. नोव्हेंबरात पानं गळतात आणि वेल मार्चपर्यंत झोपतो. तिथला बागाईतदार डिसेंबर ते मार्च या काळात उघड्या काड्यांची छाटणी करतो. बर्गंडी भागात तर चाकाच्या हातगाडीवर लोखंडी पिंप कापून बसवतात आणि छाटलेल्या काड्या त्यातच पेटवून देतात. गाडी ओळीतून पुढे ढकलत जायची, हात शेकायचे, की पुन्हा कात्री धरायची.

वेल दोन्हीकडे एकच, हिवाळा मात्र दोन तऱ्हेचा. हा फरक कसा पडला ते आज पाहू. त्यात आपल्या खिशाचाही संबंध आहे.

आधी छाटणीचीच गोष्ट. छाटणी माणसाला कुणी शिकवली, याचं उत्तर जुने ग्रीक लोक देत असत : गाढवानं. पॉसेनिअस नावाच्या ग्रीक प्रवाशानं सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की नाप्लिआ गावी खडकावर गाढवाचं चित्र कोरलेलं होतं. का, तर गाढवानं वेलाचे शेंडे खाल्ले आणि पुढच्या हंगामात माल जास्त लागला. फ्रान्समध्ये हीच कथा संत मार्टिनच्या गाढवाच्या नावानं सांगतात. गाढव खरं की खोटं, ते सोडा. काडी आखूड केली की उरलेल्या डोळ्यांना ताकद मिळते, हे त्या लोकांच्या ध्यानात आलं होतं, एवढं मात्र नक्की.

तिकडे वेलाला थंडी झोपवते. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही. मोकळा सोडला तर वेल पानंच पानं करत वाढत जातो, म्हणून आपण त्याला कात्रीनं वेळापत्रक लावलं. एप्रिलात खरड छाटणी करायची, त्या फुटीच्या डोळ्यांत पावसाळ्याआधीच घड तयार होतो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तो घड बाहेर काढायचा. दख्खनच्या वेलाची ही दोनदा फुटण्याची खोड जुनीच आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं, अशी नोंद त्यानं केली आहे. आपण दोनदा छाटून फळ एकदाच घेतो, आणि तेच बरं. दोन्ही बहार घेणारी बाग फार दिवस टिकत नाही.

नाशिक भागात ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी 1925 साली बाग लावली, तिथून व्यापारी द्राक्षशेतीचा हिशेब धरतात. तेव्हा भोकरी, साहेबी अशा बियांच्या जाती होत्या. थॉमसन सीडलेस नंतर आली आणि तिच्यातूनच आपल्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश आणि सोनाका निवडल्या. तासगाव आणि सोलापूरकडच्या बागाईतदारांचं हे काम कुठल्याही संशोधकाच्या तोडीचं आहे, असं माझं मत आहे.

आता बोर्डो मिश्रणाचं पाहा. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगानं 1878 पासून फ्रान्सच्या बागा झोडपल्या. बोर्दो गावाजवळचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. रोगासाठी नव्हे बरं का, चोरांसाठी! निळसर डाग पाहून वाटसरू द्राक्षं तोडत नसत. 1882 मध्ये मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की रस्त्याकडच्या त्याच ओळींची पानं टिकली आहेत. 1885 मध्ये त्यानं हा शोध प्रसिद्ध केला. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चांगला चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, नंतर एकत्र करा. तयार मिश्रणात विळ्याचं घासलेलं पातं बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा.

त्याच सुमारास फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीनं युरोपातल्या बागा उजाड केल्या. अखेर त्यांनी अमेरिकन रानवेलाच्या खुंटावर आपली कलमं बांधली. आपण 1990 नंतर डॉगरिजसारखे खुंट घेतले ते खारवट पाणी आणि दुष्काळ यांसाठी. कारण वेगळं, पण मूळ अमेरिकेचंच.

आता वाईनकडे येऊ. पिणं न पिणं ज्याचं त्यानं पाहावं. आपण मालाचा विचार करू. फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी संपते, आणि हिवाळ्यात तळघरात वाईन मुरत पडलेली असते. 22 जानेवारीला, म्हणजे आपली संक्रांत होऊन आठवडा उलटला की, ते द्राक्षवाल्यांचा संत व्हिन्सेंट याचा सण करतात, गावातून मिरवणूक काढतात. नाशिकच्या वाईनरीत मात्र थंडीतच खरी धांदल असते. वाईनच्या जाती सप्टेंबराच्या आसपास छाटतात, माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. तोडणी रात्री नाहीतर भल्या पहाटे करतात, कारण क्रेटमध्ये तापलेलं द्राक्ष वाटेतच आंबू लागतं. पांढऱ्या वाईनसाठी मणी दाबून रस लगेच वेगळा करतात आणि थंड केलेल्या पोलादी टाक्यांत सावकाश आंबवतात. लाल वाईनचा रस सालीसकट आंबतो, रंग सालीतून उतरतो. याच दिवसांत शहरची माणसं द्राक्षं पायानं तुडवायची मौज करायला येतात. नाशिकच्या सुलानं 2008 पासून फेब्रुवारीत गाण्याबजावण्याचा महोत्सवही भरवला.

या धंद्याची सुरुवात 1980 च्या दशकात नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांच्या इंडेजनं फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाईन काढली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी 1997 च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शनँ ब्लां लावली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून करात सूट दिली. विंचूर आणि पलूस इथं वाईन पार्क ठरले. झालं, गावोगाव वाईनची लागवड सुरू झाली.

आणि 2008 उजाडलं. जगात मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप घसरला. जुन्याच मालानं टाक्या भरलेल्या, तिथं नवी द्राक्षं घेणार कोण? थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा तरी करता येतो. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. मार्केटात नेलं तर व्यापारी पाटीकडे बघतही नाही. पुढच्या एकदोन हंगामांत कित्येक बागाईतदारांनी उभे वेल कुऱ्हाडीनं तोडले. वेल लावून माल हाती यायला दोन वर्षं लागतात, मोडायला एक दिवस पुरतो.

म्हणून ज्यांना वाईनच्या जाती लावायच्या आहेत त्यांनी खड्डे खणण्याआधी लेखी करार हातात घ्यावा. करार किती वर्षांचा, कोणत्या गोडीला कोणता भाव, पैसे किती दिवसांत, आणि कंपनीनं माल उचलला नाही तर काय, हे चारही मुद्दे त्यात हवेत. एकरी माल खाण्याच्या द्राक्षाच्या निम्म्याहून कमी धरा, कारण जास्त घड ठेवले की गोडी उतरते आणि माल परत येतो.

खाण्याच्या द्राक्षवाल्यांनी या महिन्यात पाऱ्यावर नजर ठेवावी. निफाडला तो 5 अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत मुळं काम करत नाहीत, मणी फुगत नाही आणि भुरी मात्र जोर धरते. पहाटे ठिबक चालू करा. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. शेकोटी बागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला, ओळींपासून अंतर राखून, ओलसर पाचटाची करा. धूर हवा, जाळ नको. रात्र थंड आणि दुपार तापलेली असली की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल नापास होतो. त्यासाठी मण्यात पाणी उतरण्याआधीच घडांना कागद गुंडाळावा. गुंडाळण्याआधी घडात भुरी नाही ना, हे मात्र एकेक घड उलटून पाहा.