जमिनीवरची वल्ही

ऋग्वेदात भुज्यूची कथा येते. तुग्राचा हा मुलगा भर समुद्रात संकटात सापडला, तेव्हा अश्विनीकुमारांनी त्याला आपल्या नौकेत घेऊन घरी पोचवले. त्या नौकेला ऋषीने दिलेले विशेषण आहे 'शतारित्रा'. अरित्र म्हणजे वल्हे. शंभर वल्ह्यांची ती नौका. कथा ऐकताना आपले लक्ष भुज्यूकडे असते, अश्विनीकुमारांकडे असते. शंभर वल्ही म्हटली की शंभर वल्हवणारे आले, आणि त्यांची मात्र कोणी चौकशी करीत नाही. देवांची नौका ती, तिला वल्हवणारे कशाला, असे कोणी म्हणेल. पण पुढे माणसांनी लिहिलेल्या इतिहासातही प्रकार फारसा वेगळा नाही. नौका कोणाची होती हे सापडते, लढाई कोणी जिंकली हे सापडते. नौका कोणाच्या दंडांच्या बळावर चालली, हे लिहून ठेवावे असे क्वचितच कोणाला वाटले.

मी वर्सोव्याला राहतो आणि मुलांना इतिहास शिकवतो, म्हणून ही गोष्ट मला अधिक जाणवते. वर्सोवा हे नाव कागदोपत्री; कोळीवाड्यातली माणसे आपल्या गावाला अजून वेसावेच म्हणतात. खाडीपलीकडे मढच्या टोकाला किल्ला उभा आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवले तेव्हा त्यांच्या हाती गेला. एवढे सांगितले की पाठ संपतो. पण एखादे चौकस पोर विचारते, "सर, त्या वेळी होड्यांना एंजिन होतं का?" मग खरा पाठ सुरू होतो.

आंग्र्यांच्या आरमारात दोन प्रकारची जहाजे मुख्य होती, गुराब आणि गलबत. गुराब मोठी, शिडांवर चालणारी. गलबत लहान, पण त्याला शिडाबरोबर वल्हीही असत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गलबताचे वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गलबताला चाळीस-पन्नास दणकट वल्ही असत, आणि ते तासाला चार मैल वेगाने वल्हवता येई. वारा पडला की इंग्रजांची उंच जहाजे पाण्यावर खुंटासारखी उभी राहत, आणि आंग्र्यांची गलबते आपल्या गुराबांना दोराने ओढीत हव्या त्या जागी नेऊन ठेवीत. समुद्रावर कान्होजींचा जो दरारा होता, त्याच्या मुळाशी शौर्य होते, मुत्सद्देगिरी होती, आणि वारा पडलेल्या दुपारी चाललेली ही चाळीस-पन्नास वल्हीही होती. ती ओढणारे कोळी होते, भंडारी होते, किनाऱ्यावरची अशीच कष्टाळू माणसे होती. कान्होजींचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या वल्हेकऱ्यांपैकी एकाचेही नाव मी मुलांना सांगू शकत नाही.

आता वाचकांना वाटेल, मास्तर दिवाळीच्या फराळात समुद्र कुठून आणू लागले? त्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांपासून मी स्वतः वल्हवतो. आणि गंमत म्हणजे, पाण्यावर नव्हे, जमिनीवर!

जमिनीवर वल्हवणे ही अलीकडच्या शहरी माणसाची हौस आहे, असे समजण्याचे कारण नाही. या प्रकाराचा इतिहास चांगला दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी काब्रियास याने नवशिक्या वल्हेकऱ्यांसाठी किनाऱ्यावरच लाकडी बैठका मांडल्या होत्या, असे पोलिएनस या ग्रंथकाराने नोंदवले आहे. पण याहून मोठी हकीकत रोमची आहे. रोमन लोक जमिनीवर लढणारे. समुद्र त्यांना परका. कार्थेजशी युद्ध जुंपले तेव्हा त्यांनी शंभर मोठी आणि वीस लहान लढाऊ जहाजे बांधायला घेतली. अशा एका मोठ्या जहाजाला तीनशे वल्हेकरी लागत. जहाजे तर तयार होत होती, पण वल्हवणार कोण? पॉलिबियस सांगतो की जहाजे बांधून होईपर्यंत किनाऱ्यावर बाके मांडली गेली, जहाजातल्या क्रमानेच माणसे बसवली गेली, मध्यभागी हुकूम देणारा उभा राहिला, आणि त्याच्या शब्दासरशी सर्वांनी एकदम मागे रेलायचे, एकदम पुढे वाकायचे, असा सराव चालला. ख्रिस्तपूर्व २६० मध्ये मायली येथे याच आरमाराने कार्थेजला हरवले. रोम समुद्रावर जिंकायला शिकले ते आधी वाळूत बसून!

यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. दंडात बळ आणण्यासाठी बाकाची गरज नव्हती. शेतकऱ्यांच्या पोरांच्या दंडात ते होतेच. बाकावर ते एकत्र हलायला शिकले. तीनशेंपैकी एकाचे वल्हे मागे-पुढे झाले तर शेजारच्या वल्ह्याशी टक्कर होते आणि पाहता पाहता सारी बाजू विस्कटते.

पुढे यंत्रयुग आले आणि बाकाला यंत्राचे रूप मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वल्हवण्याच्या यंत्रांची पेटंटे निघू लागली. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर श्रीमंत उतारूंसाठी व्यायामगृह होते आणि त्यात असे एक यंत्र होते. हे व्यायामगृह जीवरक्षक होड्यांच्याच मजल्यावर होते. १५ एप्रिलच्या त्या पहाटे त्या होड्यांत बसलेल्या कित्येक उतारूंना, स्त्रियांनासुद्धा, खरी वल्ही हातात घ्यावी लागली. दैव कधी कधी फार कडू विनोद करते.

आज जगभर जे यंत्र चालते त्याचा जन्म मात्र १९८१ चा. ड्रायसिगाकर नावाचे दोन अमेरिकन भाऊ, दोघेही वल्हेकरी. शर्यतीच्या होड्यांची वल्ही बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. हिवाळ्यात नद्या गोठल्या की सराव बंद पडतो, ही तिकडची नेहमीची अडचण. या भावांनी एक सायकल जमिनीला ठोकून तिची साखळी हाताने ओढून पाहिली आणि त्यातून 'कॉन्सेप्ट-टू' हे यंत्र तयार झाले. रचना साधी आहे. सरकते आसन, हातात साखळीला जोडलेला दांडा, आणि पुढे पात्यांचे चाक. दांडा ओढला की चाक फिरते, पाती हवा कापतात, आणि हवाच पाण्यासारखा विरोध करते. जितके जोराने ओढावे तितका विरोध वाढतो. समोरच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटतात: किती मीटर झाले, पाचशे मीटरना किती वेळ लागतो आहे.

आमच्या व्यायामशाळेत अशी दोन यंत्रे आहेत. दरवर्षी जानेवारी महिन्यात या यंत्रावर वल्हवणाऱ्यांची सांघिक स्पर्धा होते. १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत संघातल्या प्रत्येकाने केलेल्या मीटरांची बेरीज, तीच त्या संघाची कमाई. संघ जगभरचे, कोणी कोणाचे तोंड पाहिलेले नसते. आमच्या संघात एक बँकेतला कारकून, दोन महाविद्यालयीन मुले, कोळीवाड्यातला एक तरुण, एक निवृत्त परिचारिका आणि मी, अशी सहा माणसे होती.

पहिल्याच आठवड्यात वाद झाला. यंत्रे दोन, संध्याकाळचे तास मोजके. महाविद्यालयीन मुलांपैकी एकाने स्पष्टच सांगितले की परिचारिकाबाईंनी आणि मास्तरांनी वेळ घेण्याऐवजी तो त्यांना द्यावा. संघाची बेरीज वाढेल. बोलणे कडू होते, पण हिशेबी होते. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

मग मी कागद घेऊन बसलो. या यंत्राचे गणित असे आहे की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. तो मुलगा पाचशे मीटरना दोन मिनिटे घेत असे. त्यासाठी सुमारे दोनशे वॅट लागतात, म्हणजे शंभर वॅटचे दोन दिवे पेटतील इतके. बाईंना तेवढ्याच अंतराला तीन मिनिटे वीस सेकंद लागत. त्यांची शक्ती सुमारे चव्वेचाळीस वॅट. मुलाचे बळ बाईंच्या साडेचारपटीहूनही अधिक. पण अर्ध्या तासात मुलाचे मीटर होणार साडेसात हजार आणि बाईंचे साडेचार हजार! साडेचारपट बळाला दुप्पटसुद्धा मीटर मिळत नाहीत. दुबळ्याने थोडेसे ओढले तर यंत्र त्याला भरभरून देते, आणि बलवानाकडून पुढच्या प्रत्येक मीटरची जबर किंमत वसूल करते. ऑर्मने सांगितलेल्या गलबताचा वेगही मी मांडून पाहिला. तासाला चार मैल म्हणजे पाचशे मीटरना साडेचार मिनिटांहून थोडे अधिक. अर्थात तिथे ओढायला तोफांसकट सारे गलबत होते.

कागद मी मुलांपुढे ठेवला. साडेचार हजार मीटर सोडून द्यायचे की दोन्ही यंत्रे पहाटेही चालू ठेवायची, एवढाच प्रश्न उरला. तो मुलगा स्वतः बाईंच्या घरी गेला. त्या दिवसापासून प्रत्येकाला अर्धा तास, आणि पहाटेची पाळी तरुणांकडे, असा नियम ठरला. बाई ३१ तारखेपर्यंत रोज आल्या. आमचा क्रमांक सांगण्याजोगा नव्हता, पण सहाही नावांपुढे महिनाअखेर आकडे होते.

कोळीवाड्यातल्या तरुणाचे आजोबा एकदा आम्हाला पाहायला आले. वाढत्या वयात त्यांनी वल्ह्यांची होडी हाकलेली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत किनाऱ्यावरच्या मचव्यांना एंजिने बसू लागली, आणि १९६१ मध्ये मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन होऊन वर्सोव्यात नांदू लागली. तो सारा पालट त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यांचा नातू एंजिनाच्या बोटीवर तांडेल आहे. वल्हे त्याने धरले ते या व्यायामशाळेत, आणि तेही वर्गणी भरून. म्हातारबुवा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, एवढं वल्हवलंत, पण पोचलात कुठं?"

सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांच्या पिढीत वल्हे पोटासाठी होते. न ओढले तर घरी चूल पेटत नसे आणि ओहोटीला खाडीतून परत येणे होत नसे. जगाच्या इतिहासात तर गुलामांना आणि कैद्यांना वल्ह्याला साखळीने बांधल्याचे काळे अध्याय आहेत. त्या श्रमाला आज आपण आरोग्याची हौस म्हणून विकत घेतो, यात काहीतरी खटकते हे मला मान्य आहे. एंजिनाने त्या म्हाताऱ्याच्या खांद्यांना विसावा दिला, हे चांगलेच झाले. पण एंजिनाबरोबर एक गोष्ट गेली: चार जणांचा श्वास एका ठेक्यावर चालण्याची सवय. यंत्रावर बसून आम्ही पोचतो कुठेच नाही. ती सवय थोडीशी परत मिळते, एवढेच.

या सवयीचे मोल काय असते, हे आपल्याच मातीतल्या एका तरुणाने दाखवले आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागणाऱ्या त्या भागातला दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर त्याने विहिरी खणण्याची कामे केली, २०१२ साली तो सैन्यात भरती झाला, आणि पुण्याला आल्यावर वल्हवायला शिकला. पुण्यात ही परंपरा जुनी; तिथला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवण्यात भारताचा तो एकमेव स्पर्धक होता. एकट्याच्या होडीत दोन हजार मीटर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत पार करून तो तेरावा आला. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, आशियाई स्पर्धेत पालेमबांगच्या पाण्यावर एकट्याच्या अंतिम शर्यतीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक मिळवले. रात्रीतून त्याचे बळ वाढले असेल असे मला वाटत नाही. त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी तीन जणांची वल्ही पाण्यात होती.

वर्गात मी आता आंग्र्यांचा पाठ थोडा निराळा शिकवतो. गलबताचे चित्र काढायला सांगतो, आणि प्रत्येक वल्ह्यामागे एकेक माणूस काढायला लावतो. मुले कंटाळतात, पन्नास माणसे काढायची म्हणजे काय थोडे काम आहे? एका मुलीने गेल्या वर्षी त्या पन्नासांना नावेही दिली. तिच्या घरातली, गल्लीतली, शेजारच्या आजीचेसुद्धा. इतिहासाच्या दृष्टीने ती नावे खरी नव्हेत. पण तिथे नावे असायला हवी होती, हे तिला समजले होते, आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.